जुन्या आरएक्स-१००च्या टाकीतला गंज काढताना या चुका टाळा

काकांची यामाहा आरएक्स-१०० मोटारसायकल चिपळूणच्या पडवीत सलग दोन पावसाळे उभी होती. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला, तर वरच्या पत्र्याला पापुद्रे लोंबत होते आणि तळाशी लाल गाळ बसला होता. मी संडास साफ करायचं ॲसिड आणून ओतलं. तासाभरात पत्रा चांदीसारखा दिसायला लागला. पाण्याने धुतली, पालथी ठेवली आणि झोपलो. सकाळी पाहतो तर टाकी आतून पूर्ण नारिंगी झालेली.

त्या एका रात्रीत माझ्या दोन चुका झाल्या. पहिली ॲसिडची. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. गंज संपला तरी ते थांबत नाही, पत्रा खात राहतं. शिवाय सांध्यांत उरलेला क्लोराइडचा अंश पुन्हा गंज ओढतो, आणि त्याच्या वाफेने खोलीतले पाने-पक्कडसुद्धा गंजतात. टाकीचा पत्रा मुळात पातळ. त्यावर असला प्रयोग करू नका.

त्याऐवजी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरा. किराणा दुकानात किंवा केमिकलवाल्याकडे सुटं मिळतं. लिटरला ५० ते १०० ग्रॅम, गरम पाण्यात. या गाडीची टाकी साधारण दहा लिटरची, म्हणजे एक किलो पुरतं. बारा तासांनी टॉर्च मारून बघा, गरज वाटली तर आणखी बारा तास ठेवा. तीन-तीन दिवस विसरून मात्र जाऊ नका, शेवटी तेही ॲसिडच आहे. कोल्ड्रिंक ओतायचा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं ॲसिड फार सौम्य असतं आणि साखरेचा चिकटा काढायचं काम तेवढं वाढतं.

अर्धी टाकी भरणं

तळ पेट्रोलखाली असतो, वरचा पत्रा हवेत. म्हणून बहुतेक वेळा सगळ्यात जाड गंज वर, झाकणाच्या आजूबाजूला असतो. द्रावण काठोकाठ भरा. त्याआधी पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ, काढून ते भोक रबरी बुचाने बंद करा. कॉकमधली रबरं आणि जाळी ॲसिडात बुडवायची नसतात. टाकीच्या रंगावर प्लास्टिक गुंडाळा आणि तोंडाभोवती पेट्रोलियम जेली लावा. ओघळ पडला तर लगेच भरपूर पाणी ओता.

खडी आणि सुटे नट टाकणं

पापुद्रे सोडवायला आत काहीतरी टाकून हलवावं लागतं, ते खरं. पण खडीचा चुरा होतो आणि तो पुढे कॉकच्या जाळीत अडकतो. सुटे नट टाकीच्या कोपऱ्यांत रुतून बसतात. एक हातभर साखळी घ्या, तिच्या टोकाला तार बांधून तार बाहेर ठेवा. टाकी गोधडीत गुंडाळून सगळ्या बाजूंनी हलवा. हे काम लिंबूसत्वाच्या आधी करायचं, म्हणजे द्रावणाला फक्त चिकटून राहिलेला गंज उरतो.

धुऊन नुसती ठेवून देणं

ही माझी दुसरी चूक, आणि बहुतेक टाक्या इथेच वाया जातात. ॲसिडने उघडा पडलेला लोखंडी पत्रा ओला राहिला तर पंधरा मिनिटांतही लाली धरतो. कोकणातल्या जूनमध्ये तर विचारूच नका. म्हणून द्रावण ओतून टाकण्याआधीच पुढची सगळी तयारी हाताशी ठेवा.

द्रावण काढलं की एकदा साध्या पाण्याने धुवा. मग बादलीभर पाण्यात दोन-तीन मुठी खाण्याचा सोडा विरघळवून तो हळूहळू ओता. फेस येईल, झाकण उघडंच ठेवा. उरलेलं ॲसिड मरतं आणि सोड्याच्या पाण्यात पत्रा लगेच लाल होत नाही, त्यामुळे तुम्हाला थोडा वेळ मिळतो. पुन्हा पटकन साधं पाणी, टाकी पालथी, आणि कॉकचं भोक उघडं ठेवून हेअर ड्रायरची गरम हवा आत सोडा. टाकी दर पाच मिनिटांनी फिरवा. पत्रा बाहेरून सगळीकडे कोमट लागेपर्यंत, साधारण अर्धा तास.

ड्रायर बंद करून दूर नेऊन ठेवल्यावरच पुढचं पाऊल. टाकी थंड झाली की पाव लिटर पेट्रोलमध्ये तेवढंच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळून आत फिरवा, वरच्या पत्र्यालाही लागू द्या. येझदी रोडकिंगसारख्या गाड्यांत ऑइल टाकीतच मिसळायचं असतं, त्यामुळे पत्र्यावर तेलाचा थर राहतो. आरएक्स-१००ला ऑइलची वेगळी टाकी, म्हणून पेट्रोलच्या टाकीला असं संरक्षण नाही. ते आपणच द्यायचं.

लगेच कोटिंग ओतणं

लाल होऊन गेलेल्या टाकीत मी कोटिंग, म्हणजे पत्र्यावर आतून थर बसवणारं रसायन, ओतलं. चार महिन्यांत त्याच्या पट्ट्या सुटून कॉकमध्ये आल्या, आणि त्या काढायला गंजापेक्षा जास्त मेहनत पडली. गंजावर, ओलाव्यावर किंवा तेलकट पत्र्यावर कोटिंग धरत नाही. टाकीला बारीक भोकं पडली असतील तरच त्या वाटेला जा, तेलाचा हात फिरवण्याआधी लावा, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल सहन करणारंच निवडा.

भोकं कुठे पडतात ते आधीच बघा. टाकी घोड्याच्या खोगिरासारखी चेसिसवर बसते; कॉक एका बाजूला असला की दुसऱ्या बाजूच्या खोलगट भागात पाणी साचून राहतं. तिथे खालून रंग फुगलेला दिसला तर गंज काढल्यावर गळती निघण्याची दाट शक्यता धरा.

अशा वेळी टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंगला नेऊ नका. आत राहिलेल्या पेट्रोलच्या वाफेने स्फोट होतो, माणसं गेली आहेत. वाफ पूर्ण घालवून काम करणारा जाणकार शोधा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. ओलावा वाढला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर मी टाकी रिकामी करून तेलाचा हात फिरवतो.

टाकी बसवल्यावर कॉक आणि कार्बुरेटरच्या मध्ये नवा पारदर्शक फिल्टर लावा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर तो उन्हात धरून बघा. तांबूस भुकटी दिसली तर फिल्टर बदला आणि पुन्हा पन्नास किलोमीटरने बघा. काकांच्या गाडीला तिसरा फिल्टर स्वच्छ निघाला.