संस्थळ अपग्रेड करताय? मतांच्या बटणासकट या चुका टाळा

मराठवाड्यात मराठी चर्चा-संस्थळं चालवणारी मंडळी बहुतेक हौशी. कोणी लातुरात क्लासवर शिकवतं, कोणाचं परभणीत कृषी सेवा केंद्र आहे, कोणी नांदेडला बँकेत. रात्री जेवणं आटोपली की सर्व्हर उघडायचा. अशा संस्थळांपैकी बरीच अजून ड्रुपल ७ (संस्थळ चालवायची तयार प्रणाली) किंवा त्याच्याच वयाच्या एखाद्या प्रणालीवर रेटून चाललेली असतात. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. सुरक्षेची डागडुजी तिकडून येणार नाही, म्हणजे आज ना उद्या अपग्रेड करावंच लागणार.

अपग्रेडचा विषय निघाला की संपादक मंडळात कोणीतरी म्हणतंच, "करतोयच तर लगे हात प्रतिसादांना मत द्यायची पद्धतही बदलून टाकू." ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नव्या संस्थळावर पहिल्याच सकाळी तक्रार येते, "मव्हं मत कुठं गेलं?" आता याचं उत्तर काय द्यायचं? स्थलांतरात, म्हणजे जुना डेटा नव्या संस्थळावर नेताना, मतांचा तक्ता अर्धवट आला? कॅशमधलं, म्हणजे सर्व्हरनं आधीच तयार करून ठेवलेलं, जुनं पान दिसतंय? की नव्या नियमात त्या प्रकारचं मत धरलंच जात नाही? तिन्ही शक्यता एकाच वेळी उभ्या राहिल्या की तपास करणाऱ्याचं डोकं फिरतं. शिवाय सदस्यांना वाटतं, संपादकांनी मुद्दाम गुण कापले. आधी जुने नियम, जुने गुण जसेच्या तसे नव्या घरात न्या. महिनाभर सगळं सुरळीत चाललं की मगच नियमांचा वाद काढा.

मुहूर्त चुकवणं ही दुसरी चूक. शेतीवर चर्चा होणाऱ्या संस्थळाला जून-जुलैत हात लावू नये. पाऊस दडी मारतो, सोयाबीन उगवत नाही, दुबार पेरणी करावी का म्हणून लोक दिवसरात्र विचारत असतात. १७ सप्टेंबरच्या आसपासही नको, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहायला एरवी गप्प असणारे जुनेजाणते त्याच आठवड्यात येतात. रब्बीची रास घरात आल्यावर आणि मृगाच्या आधी, एप्रिल-मे हा काळ बरा. फक्त काम रात्री करणार असाल तर वीज जाण्याचा हिशोब धरा. स्थलांतराची आज्ञा घरच्या लॅपटॉपला टांगून ठेवू नका. ती सर्व्हरवरच अशी चालवा, की तुमचं इंटरनेट तुटलं तरी ती चालू राहील.

अक्षरांचा घोळ

इथं थोडं थांबतो, कारण मराठी संस्थळांची खरी वाट इथंच लागते, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिका याबद्दल फारसं बोलत नाहीत.

मायएसक्यूएलमध्ये (संस्थळाचा मजकूर साठवणारा डेटाबेस) अक्षरं साठवायचा 'यूटीएफ८' नावाचा जो जुना प्रकार आहे, तो एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षरं ३ बाइटांत बसतात, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला काही खटकत नाही. इमोजीला ४ बाइट लागतात. जुन्या, ढिल्या मांडणीत अशा प्रतिसादाचं काय होतं? पहिली इमोजी जिथं येते तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो, तोही गुपचूप. "नमस्कार दादा" लिहून हात जोडल्याची इमोजी टाकली आणि त्यापुढं चार परिच्छेद खपून लिहिले, तर डेटाबेसात उरतं फक्त "नमस्कार दादा". अपग्रेडनंतर डेटाबेस कडक होतो आणि तोच प्रतिसाद थेट नाकारला जातो. यावर उपाय २०१० पासून आहे: यूटीएफ८एमबी४, म्हणजे ४ बाइटांची अक्षरंही घेणारा संच. पण तक्ते नुसते बदलून भागत नाही, संस्थळ आणि डेटाबेस यांच्यातली जोडणीही त्याच संचावर आणावी लागते. २५५ अक्षरांच्या रकान्यावर अनुक्रमणिका (इंडेक्स) असेल, तर जुन्या इनोडीबीत (मायएसक्यूएलचा साठवणीचा भाग) ७६७ बाइटांची मर्यादा आडवी येते. २५५ गुणिले ४ म्हणजे १०२०. म्हणून जिथं तिथं १९१ हा विचित्र आकडा दिसतो. १९१ चोक ७६४.

दुसरा घोळ त्याहून चिवट. 'शेतकऱ्याचा' हा शब्द घ्या. यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'या'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, एक न दिसणारा जोडक आणि मग 'या'. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानंही ते एक होत नाहीत. जुन्या कीबोर्डांमुळं जुन्या लेखनात दुसरी तऱ्हा भरपूर सापडते. 'न दिसणारी कचरा अक्षरं' साफ करणारी एखादी तयार स्क्रिप्ट स्थलांतरात चालवली, की तो जोडक उडतो आणि 'शेतकऱ्याचा'चा 'शेतकर्याचा' होतो. हजारो लेखांत रफार डोक्यावर चढून बसतो. सदस्यनावात हे घडलं तर त्या माणसाला आत येताच येत नाही. तो आपलं नाव बरोबर टंकत असतो आणि संस्थळ म्हणतं, असा सदस्य नाही.

तेव्हा साफसफाई करणारी कुठलीही स्क्रिप्ट आधी प्रतीवर चालवा. मूळ लेख आणि नवा लेख शेजारी उघडून 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि 'ॲ' असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. शोधपेटीला दोन्ही तऱ्हा एक समजायला शिकवा. मूळ मजकुराला हात लावू नका.

बॅकअप, पासवर्ड आणि बाकीच्या किरकिरी

बॅकअप घेतला, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून, संस्थळ उभं करून, एखादा जुना धागा (चर्चा) उघडून बघितला तरच तो बॅकअप. आणि ती चाचणीची प्रत उभी करताच सगळ्यात आधी तिची ईमेल पाठवण्याची सोय बंद करा. नाहीतर तुम्ही प्रयोग म्हणून एक प्रतिसाद टाकता आणि संस्थळावरच्या प्रत्येक सदस्याला 'आपल्या धाग्यावर नवा प्रतिसाद' असं पत्र जातं. मग दिवसभर फोन.

जुने पासवर्ड हा नाजूक भाग. ड्रुपल ६ च्या काळात ते एमडी५ पद्धतीनं साठवले जात, आज ती पद्धत कुचकामी मानतात. सदस्य पुढच्या वेळी आत आला की नव्या पद्धतीत बदल व्हावा, अशी सोय असते, ती चालू ठेवा. सगळ्यांना एकदम 'पासवर्ड बदला' असं फर्मान काढू नका. कित्येकांनी नोंदणी कॉलेजात असताना तालुक्याच्या सायबर कॅफेत बसून, आता बंद पडलेल्या ईमेलवर केलेली असते. पासवर्ड बदलायचा दुवा त्या मेलेल्या पत्त्यावर जातो, मग तो सदस्य वैतागून नवा आयडी काढतो आणि लोक त्याला डुआयडी (त्याच माणसाचं दुसरं, खोटं खातं) म्हणून झोडपतात. अपग्रेडच्या दोन-तीन महिने आधीपासून 'आपला ईमेल तपासा' अशी पट्टी लावली की यातले निम्मे घोळ टळतात.

जुने दुवे नव्या पत्त्यांवर कायमस्वरूपी वळवा. पिवळ्या पडलेल्या तुरीवरचा एखादा जुना धागा गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत अजून फिरत असतो. वेळ भारतीय प्रमाणवेळेत दिसते का बघा. साडेपाच तासांचा फरक पडला की रात्री नऊचा प्रतिसाद दुपारी साडेतीनचा दिसतो आणि भांडणात कोण आधी बोललं, याचा नवा वाद उभा राहतो.

आता मतं

बटण लावण्याआधी ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे ठरत नाही, ही इथली मूळ चूक. 'मला पटलं', 'हे बरोबर आहे', 'छान लिहिलंय' आणि 'हा आपला माणूस आहे' या चारही गोष्टी लोक एकाच अंगठ्यानं सांगतात.

शेतीच्या प्रश्नावर हे फार घातक ठरतं. समजा कोणी पिवळ्या सोयाबीनचा फोटो टाकला. पाच मिनिटांत पहिलं उत्तर येतं: युरिया मारा. सगळ्यांना ओळखीचं वाटतं, मतं पडतात. रात्री कोणीतरी नीट विचारतं: पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे आणि शिरा हिरव्या आहेत का? जमीन चुनखडीची आहे का? तसं असेल तर लोहाची कमतरता, फेरस सल्फेटची फवारणी. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते, रोगट झाडं उपटावी लागतात. तिथं युरियानं काही होणार नाही. हे उत्तर तळाशी, दोन मतं घेऊन बसलेलं. नुसत्या बेरीज-वजाबाकीनं क्रम लावला की आधी येणारा जिंकतो.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. एका संस्थळावरच्या लाखाहून जास्त प्रतिसादांपैकी काहींना संशोधकांनी येताक्षणी एक खोटं अनुकूल मत दिलं. तेवढ्यानं त्या प्रतिसादांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. खोटं प्रतिकूल मत मात्र लोकांनी भरून काढलं. ग्रामसभेत कोणाचा हात आधी वर गेला ते बघून बाकीचे हात वर होतात, तसलाच प्रकार. म्हणून पहिले काही तास गुण झाकून ठेवावेत. मत घ्यावं, आकडा दाखवू नये.

क्रमासाठी विल्सनचं सूत्र वापरा: मतं थोडी असतील तर ते अनुकूल टक्केवारी सावधपणे खाली धरतं. ते १९२७ चं आहे, आणि रेडिट या चर्चा-संस्थळानं २००९ मध्ये 'बेस्ट' क्रमासाठी उचललं. समजा एका प्रतिसादाला ४० अनुकूल, १० प्रतिकूल मतं, आणि दुसऱ्याला २० अनुकूल, प्रतिकूल एकही नाही. वजाबाकीनं पहिला ३० वर, दुसरा २० वर. विल्सनच्या ९५ टक्के खालच्या सीमेनं पहिला ०.६७, दुसरा ०.८४, म्हणजे दुसरा वर. आणि एकच मत मिळालेला प्रतिसाद १०० टक्के अनुकूल असूनही ०.२१ वरच राहतो, उगाच डोक्यावर बसत नाही.

प्रतिकूल मत ठेवावं की काढावं, यावर तर रात्री जागवल्या जातात. यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा लोकांपासून लपवला, बटण ठेवलं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संस्थळावर उत्तराला प्रतिकूल मत देणाऱ्याचा स्वतःचा एक गुण जातो, आणि ते बटण मिळायलाच १२५ गुण लागतात. मराठीत 'ऐसी अक्षरे' या चर्चा-संस्थळावर श्रेणी द्यायची पद्धत वापरली गेली: मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, तसंच खवचट, निरर्थक. मला हा श्रेणीचा मार्ग आपल्याकडे जास्त मानवणारा वाटतो, कारण 'उणे एक' वाचून माणसाला काही कळत नाही, 'अवांतर' वाचून कळतं. २०१४ च्या एका अभ्यासात चार संस्थळांवरचे प्रतिसाद तपासले होते. प्रतिकूल मतं मिळालेले सदस्य सुधारत नाहीत, उलट जास्त लिहितात, वाईट लिहितात आणि इतरांनाही प्रतिकूल मतं देत सुटतात, असं त्यात दिसलं.

मत कोणी दिलं, हे दाखवू नका. भावकीतल्या, एकाच गावातल्या माणसांना एकमेकांविरुद्ध उघड मत देता येत नाही; भीड आडवी येते. आणि दिलंच तर ते पुढच्या लग्नसराईत निघतं. संपादकांना मात्र नोंद दिसली पाहिजे, नाहीतर पाचजण ठरवून एकाला कसे दाबतात ते कळणारच नाही.

नियम पूर्वलक्षी लावणं हाही मोठा घोटाळा. नवी पद्धत नव्या प्रतिसादांना. जुने गुण गोठवा आणि तसं तिथं लिहा. आणि पद्धत कोणती घ्यायची यासाठी कौल घेतलात, तर मतदान करणारे बहुतेक तेच असतात ज्यांना आधीच्या पद्धतीत गुण मिळाले किंवा गेले. वाचनमात्र राहणारी माणसं कौलात येतच नाहीत. संपादकांनीच ठरवावं, एका खरिपापुरतं चालवावं, दिवाळीनंतर ठेवायचं की काढायचं ते आधीच तारखेसह जाहीर करावं.

लक्षणावरून रोग ओळखा

मत दिल्यावर आकडा वाढतो, पान ताजं केलं की परत जुनाच: कॅश. मत पडताच त्या प्रतिसादापुरती कॅश काढली जात नाहीये.

सकाळपासून उघडं ठेवलेल्या पानावर बटण दाबलं तर काहीच घडत नाही, चूकही दिसत नाही: पानातली सुरक्षा-खूण (मागणी खऱ्या सदस्याचीच आहे हे ओळखायची) शिळी झालीय. निदान 'पान पुन्हा उघडा' एवढं तरी दिसू द्या.

गुणांची बेरीज दुप्पट: स्थलांतर मध्येच तुटलं आणि पुन्हा पहिल्यापासून चालवलं. सदस्य आणि प्रतिसाद या जोडीवर एकमेवतेची अट घाला, दुबार ओळी काढा आणि बेरजा मूळ मतांवरून नव्यानं करा. साठवलेल्या बेरजेवर विश्वास ठेवू नका.

चुकून उलटं मत पडल्याच्या तक्रारी: स्वस्त मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दोन बटणं खेटून आहेत. त्यांच्यात जागा सोडा, मत मागं घेता येऊ द्या.

एकाच भागातल्या कित्येकांची मतं नाकारली जातात: 'एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) एकच मत' असा नियम कोणीतरी डुआयडी रोखायला लावलेला असतो. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर सोडतात. म्हणजे केजचा शिक्षक आणि अंबाजोगाईचा विद्यार्थी तुमच्या सर्व्हरला एकच माणूस वाटू शकतात. हा नियम काढा. डुआयडी शोधायचा तर खातं कधी उघडलं, ते फक्त एकाच माणसाला मत देतं का आणि स्वतः काही लिहितं का, हे बघा. मत मोजण्याआधी खात्याला काही दिवसांचं वय आणि दोन-चार प्रतिसादांची अट ठेवा.