न्यूट्रलमधला खडखडाट

जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये लोक वळून बघायला लागले. न्यूट्रलमध्ये डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. क्लच दाबला की बंद.

एका गॅरेजवाल्याने बघायच्या आधीच ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणून टाकलं. अंबडच्या मिस्त्रींनी मात्र नुसता क्लच दाबून-सोडून ऐकलं. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर संशय रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग). दाबल्यावर थांबला, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग किंवा मोकळ्या गिअरच्या दातांची टकटक. उत्तर आधीच्या मालकाच्या बिलांत निघालं: ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनामागचं दोन भागांचं जड चाक, मध्ये स्प्रिंगा) काढून हलकं, एकसंध बसवलेलं. इंजिनाचे झटके शोषणाऱ्या स्प्रिंगाच गेल्या. म्हणजे हा आवाज गिअरच्या दातांचाच, निरुपद्रवी.

थंड गाडीत दुसरा गिअर करकरायचा, ते दुखणं वेगळं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचं सांगितलंय, आत निघालं जीएल-५. त्यातले गंधकयुक्त घटक पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत. निघालेल्या तेलात सोनेरी चुरा होता, पोलादी कण नव्हते, म्हणजे झीज रिंगांची, गिअरच्या दातांची नाही. जीव भांड्यात पडला. (जुनं तेल काढण्याआधी तेल भरायचा बोल्ट सैल करून बघा. तोच अडकला तर गाडी जॅकवरच मुक्कामाला.)

जीएल-४ भरलं, कसारा घाटात दुसरा गिअर आता निमूट पडतो. खडखडाट ठेवलाय, नव्या ड्युअल मासच्या पैशात मी टायर घेईन.