वाफेच्या छोट्या इंजिनांची दुरुस्ती : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहत असताना तिथल्या एका क्लबात मी हे काम शिकलो. ४५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर खऱ्या वाफेने धावणारी ही इंजिने आपल्याकडे क्वचितच दिसतात. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेल्या भाऊ जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातला देखावाही प्रामुख्याने विजेवरच चालतो.

इंजिन ओढत नाही म्हटले की नवशिक्याचा हात आधी सिलिंडर खोलायला जातो. खरे तर आग, पाणी आणि तेल या क्रमाने तपासत गेल्यास बहुतेक दुखणी पाना न उचलताच सापडतात. बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचे, म्हणजे जेटचे, छिद्र केसासारखे बारीक असते. ते तुंबल्यास त्यात सुई घालू नये, कारण पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते आणि ज्योत कायमची बिघडते. जेट थिनरमध्ये भिजवून उलट्या बाजूने हवा मारावी. जळणाचा ब्यूटेन गॅस उणे ०.५ अंशाला उकळतो, म्हणून थंडीत तो टाकीतून नीट बाहेरच येत नाही आणि दोष मात्र बर्नरच्या माथी मारला जातो. पाणी क्षाराचे नसावे, एवढे पाळले तरी पुरे. आपल्याकडचे बोअरचे पाणी तर नकोच.

तेलाची डबी मात्र नीट समजून घ्यावी. तिच्यात शिरलेली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, ते तळाशी बसते आणि तेवढेच तेल वर सरकून वाफेबरोबर सिलिंडरात जाते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर हे पाणी सिरिंजने काढावे व डबी पुन्हा स्टीम ऑइलने, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या खास तेलाने, भरावी. मोटारीचे तेल ओल्या वाफेत टिकत नाही. डबीत पाणी जवळजवळ निघालेच नाही, तर तिची वाट तुंबली आहे आणि सिलिंडर कोरडे चालले आहेत, असे समजावे.

एवढे करूनही गुण आला नाही, तर बॉयलर बाजूला ठेवून इंजिन कमी दाबाच्या हवेवर चालवावे. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात सारख्या अंतराने चार भपकारे ऐकू यायला हवेत. ते लंगडत असतील, तर सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हची जुळणी हलली आहे. मला तरी हे कानाने ओळखता येणे कुठल्याही हत्यारापेक्षा उपयोगी पडले.

बॉयलरची गोष्ट वेगळी. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि पुढच्या तपासण्यांत दीडपट दाब देतात, तोही हवेने नव्हे तर थंड पाण्याने, आतली सगळी हवा काढून टाकूनच. पाणी दाबले जात नसल्याने सांधा सुटला तरी स्फोट न होता दाब तत्काळ उतरतो. नंतर वाफेवर जादा दाब सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहतात आणि इंजिनावरचे दाब दाखवणारे गेजही तपासलेल्या गेजशी ताडतात, कारण त्या छोट्या गेजचा काटा बरेचदा खोटे बोलतो.