दिव्यांग पेन्शनला निघताय? आधी खातं बघा

धाकट्या भावाच्या वेळी फाईल चोख लावली होती. माती खाल्ली ती बँकेत. म्हणून हे लिहितोय.

आधी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, नाव आधारवर आहे तसंच टाकायचं, स्पेलिंगसकट. कार्ड आलं की दिव्यांगत्वाचा टक्का बघा, आणि प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं तेही. तात्पुरतं असेल तर मुदत संपायच्या दोनेक महिने आधीच कामाला लागा. ४० टक्क्यांच्या खाली बहुतेक दारं बंदच.

मग पैसे कुठून येणार ते ठरवा, कारण सगळे सरसकट ‘पेन्शन’ म्हणतात. संजय गांधी निराधार योजना राज्याची. दिव्यांगांना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि २०२५ पासून महिना २,५००. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी, तीही दारिद्र्यरेषेखाली. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, रेशनकार्ड हे तर लागतंच.

आता खातं. आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ‘सीडिंग’ असणं वेगळं. सीडिंग म्हणजे तुमच्या आधारवरचे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे, त्याची नोंद. बँकेतल्या बाई म्हणाल्या, लिंक आहे, आणि मी खूश होऊन घरी आलो. मंजुरी आली, पण पैसे नाहीत. भाऊ कांदिवलीहून दर आठवड्याला पासबुक छापायला जायचा आणि मशीन नुसती व्याजाची १७ रुपयांची ओळ छापायचं. चार महिन्यांनी कळलं, शाळेच्या स्कॉलरशिपसाठी उघडलेलं जुनं झिरो बॅलन्स खातं अजून सीडेड होतं. पैसे तिकडे साचत होते. सीडिंग ज्या खात्याला शेवटचं झालं, पैसे तिथेच जातात. फॉर्मवर कुठला नंबर लिहिलात, त्याने काही फरक पडत नाही! आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव दिसतं, ते आपलंच आहे ना, बघा. अर्जाआधी बघा, मंजुरीनंतरही बघा.

उरलेलं भराभर. इन्कम टॅक्समध्ये दिव्यांग व्यक्तीसाठी कलम ८०यू: ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००, पण फक्त जुन्या करप्रणालीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय आरोग्य विमा, एक लाखापर्यंत. रेल्वेची सवलत सगळ्यांना नाही, दिव्यांगत्वाचा प्रकार बघूनच जा. हयातीचा दाखला दरवर्षी. आणि तो द्यायला गेलात की त्याच दिवशी सीडिंगही बघून घ्या.