बाप्तिस्म्याआधी पश्चात्तापाची तयारी कशी करावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातील मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 3 ऱ्या अध्यायातील 3 ते 14 ही वचने सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचावीत. यार्देन नदीच्या परिसरात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची पश्चात्तापाची हाक ऐकून लोकांनी त्याला आता काय करावे असे विचारले, तेव्हा त्याने उपास किंवा नवस सांगितले नाहीत. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये आणि शिपायांनी कोणावर जुलूम न करता आपल्या पगारात समाधान मानावे, असे सांगितले.

मग वही घेऊन तोच प्रश्न आपल्या धंद्याला विचारावा. तंबाखूच्या वखारीत वजन करणाऱ्याने काट्यावरची घट कोणाच्या पदरात पडते ते पाहावे. भावाचा बांध कोरलेल्याने तो मोजणीप्रमाणे मागे सरकवावा. मोघम क्षमायाचना सोपी असते, म्हणून नाव, रक्कम आणि परतफेडीची तारीख लिहावी. जे एकदम फेडता येत नाही त्यासाठी समक्ष भेटून मुदत मागावी. हे काम फोनवर उरकणे मला तरी पटत नाही.

पाणी शिंपडायचे की पाण्यात बुडवायचे, हे मंडळीच्या परंपरेप्रमाणे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) सांगतील. मलप्रभा नदीत बाप्तिस्मा ठरला असल्यास पावसाळ्यातील प्रवाह पाहूनच दिवस निश्चित करावा. वहीतील हिशेब अपुरा राहिला असेल तर तो पाळकांपासून लपवू नये आणि उरलेल्या नोंदी बाप्तिस्म्यानंतर पुऱ्या कराव्यात.