कोकणात महिनाभर मुक्काम? जीन्स घरीच राहू द्या
मे-जूनमध्ये मालवण, वेंगुर्ला किंवा गोव्यात महिनाभर राहायचं असेल तर जीन्स नेऊ नका. त्या दमट हवेत ती दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि कमरपट्टीला कुबट वास धरतो तो वेगळाच. सैल, पातळ सुती कपड्यांचे चार-पाच जोड पुरे. रोजचे रोज धुवायचे. जाड टॉवेलऐवजी पंचा घ्या, पंख्याखाली रात्रीतून वाळतो. सोबत नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे. चामड्याचं काहीही बॅगेत कोंडून ठेवू नका; माझ्या कोल्हापुरी चपलांवर आठवड्यात पांढरी बुरशी चढली होती. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या, सुट्या केल्या की ओल धरतात. घामोळ्यांची पावडर मात्र तिथे कुठल्याही दुकानात मिळते, तिचं ओझं कशाला?