‘निधान’ कॉम्प्युटरला कळत नाही

बेळगावात शहापूरच्या एका ब्यांडसाठी मी नोटेशन टाइप करायला लागलो, तेव्हा मला वाटायचं की सूर बरोबर बसले म्हणजे काम झालं. लय काय, वर एक आकडा टाकला की झालं. पहिल्याच अभंगाला ती मस्ती उतरली.

मास्तरांच्या वहीत शेवटच्या ओळीवर पेन्सिलीने ‘निधान’ लिहिलेलं होतं. आमच्यात दोघं वाजवणारे कानडी, त्यांच्यासाठी. निधान म्हणजे सावकाश. मी म्यूझस्कोरमध्ये (नोटेशन लिहून वाजवूनही दाखवणारं सॉफ्टवेअर) कंट्रोल-टी दाबून त्याच जागी ‘सावकाश’ टाइप केलं. कागदावर झकास दिसलं, पण प्लेबॅक ढिम्म, आहे त्याच लयीत धावत सुटला. कंट्रोल-टीने पडतो तो साधा मजकूर. तो माणसांनी वाचायचा, सॉफ्टवेअर त्याकडे बघतही नाही. लय बदलायची तर ऑल्ट-शिफ्ट-टी दाबून टेम्पोचा मजकूर घालावा लागतो. त्यात ‘क्वार्टर नोट = ८०’ असं लिहिलं की ते ऐकतं. क्वार्टर नोट म्हणजे इथे एक ठोका, मिनिटाला असे ८०. नुसतं ‘विलंबित’ हवं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लिहिलेला टेम्पो पाळायची खूण काढायची आणि आकडा हाताने भरायचा. काहीच दिलं नाही तर ते मिनिटाला १२० धरून चालतं.

मग दुसरी चूक. आमच्याकडे भजनाचा शेवटचा गजर चढत जातो, तुम्हाला ठाऊकच आहे. मी सुरुवातीला ८८ लिहिलं, मधे एका बारवर (नोटेशनच्या एका खणावर) १४४ लिहिलं आणि फाइल पोरांना सरावाला पाठवली. दुसऱ्या दिवशी तालमीत क्लॅरिनेटवाला म्हणाला, “हे एकदम उडी मारालंय की रे!” खरंच होतं. दोन आकडे लिहिले म्हणजे दोन पायऱ्या झाल्या, चढ झाला नाही.

चढासाठी पॅलेटमध्ये ‘अ‍ॅक्सेल.’ आणि उतारासाठी ‘रिट.’ अशा रेघा असतात. म्यूझस्कोर ४ पासून त्या वाजूनही दाखवतात. रेघ हवी तेवढी ओढायची आणि किती टक्क्यांवर पोचायचं ते प्रॉपर्टीजमध्ये द्यायचं. ८८ वरून १४४ म्हणजे साधारण १६४ टक्के. रेघ संपते तिथे पुढचा टेम्पो आवर्जून लिहा.

पण माझं मत विचाराल तर गजराला रेघ पुरत नाही. माणसं अशी सरळ चढत नाहीत. फोनवर मास्तरांचं रेकॉर्डिंग घेतलं, पंधरा-पंधरा सेकंदांत किती मात्रा पडतात ते मोजून चारने गुणलं. आठ आवर्तनांचा हिशेब आला तो असा: ८८, ८८, ९२, ९६, १०४, ११६, १३२, १४४. दोन आवर्तनं नुसतं दबा धरून बसणं, मग सुटणं. प्रत्येक आवर्तनावर टेम्पो लिहिला आणि पहिला सोडून बाकीचे निवडून व्ही दाबला. स्क्रीनवर करडे दिसतात, छापील कागदावर येत नाहीत. वाजवणाऱ्यापुढे आठ आकड्यांची रांग ठेवली तर तो भजन सोडून गणित करत बसेल.

इथे रिपीटचं चिन्ह वापरायचा मोह होतो. वापरू नका. टेम्पो त्या बारला चिकटलेला असतो, दुसऱ्या फेरीत परत तोच वाजतो. दर फेरीला लय चढवायची तर आठही आवर्तनं लिहूनच काढायची. पानं वाढतात, वाढू देत.

टेम्पो अख्ख्या स्कोअरला लागू होतो, त्यामुळे कॉर्नेटला वेगळा आणि ड्रमला वेगळा लिहायची गरज नाही.

दादऱ्याच्या चालीत एक खड्डा आहे. सिक्स-एटमध्ये, म्हणजे बारला सहा अर्ध्या क्वार्टरच्या मोजणीत, ठोका डॉटेड क्वार्टरचा (टिंब लावलेल्या, दीडपट लांब क्वार्टरचा) पडतो. तिथे टिंब विसरून साध्या क्वार्टरला ९० लिहिलंत, तर गाणं दोन-तृतीयांश वेगाने रडत जातं आणि सूर सगळे बरोबर असल्यामुळे चूक कुठे आहे ते तासभर सापडत नाही. माझा तास गेलाय.

ख्याल उतरवायची वेळ आली तर (आमच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, त्यामुळे इथे कुणी ना कुणी हौशी बंदिश घेऊन येतोच) विलंबित एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची असू शकते, म्हणजे मिनिटाला १५. मात्रेला एक क्वार्टर धरलात तर तानांतल्या बारीक सुरांना लागणाऱ्या शेपट्या मोजता मोजता डोळे जातील. मात्रेला चार क्वार्टर द्या आणि टेम्पो ६० ठेवा. आवर्तन ४८ सेकंदांचंच राहतं, कागद मात्र वाचता येतो.

परवा सुधारलेली फाइल मास्तरांना ऐकवली. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंच नाही, पायाने ठेका धरून बसले होते. सहाव्या आवर्तनाला पाय थांबला. “हितं जरा लवकर सुटालंय,” म्हणाले. ११६ चे ११२ केले, पुन्हा लावलं. पाय चालू राहिला.